चिलटांची शिकवणी

लालबागच्या आमच्या चाळीत कुणाकडे काय शिजतंय हे विचारावं लागत नसे. जिना चढताना पहिल्या मजल्यावर फोडणीत लसूण पडलेली कळायची, दुसऱ्यावर कुणीतरी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलेलं कळायचं, आणि आमच्या दाराशी आलं की बाकी सगळं मागे पडून एकच वास पुढे यायचा, सुकटीचा. आई सुकी मासळी विकायची. मे महिन्यात मालवणाकडून मामा गोणी पाठवायचा. सुकट, सोडे, सुके बोंबील, खारे बांगडे. ते सगळं माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यांत जायचं, आणि मग वर्षभर रोज संध्याकाळी आई जमिनीवर फतकल मारून बसायची, मूठमूठ सुकट निवडायची, तिच्यातला कचरा आणि शिंपल्यांचे तुकडे काढायची आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायची. पिशवीचं तोंड बंद करायला तिच्याकडे मशीन नव्हतं. करवतीच्या जुन्या पात्यावर पिशवीची कड दुमडून ती मेणबत्तीवरून सर्रकन फिरवायची. सुकट निवडतानाची सळसळ, मग पिशवीचा चुरचुर आवाज, मग ते सर्रकन. याच आवाजांत मी दहावीपासून एमएस्सीपर्यंतचा सगळा अभ्यास केला. आणि त्या वासात काही वाईट आहे असं मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

आईची गिऱ्हाइकं भोईवाड्यापासून प्रभादेवीपर्यंत पसरलेली होती. बायका यायच्या, पिशवी नाकाशी नेऊन वास घ्यायच्या, मान हलवायच्या, आणि मग अर्धा तास बसायच्या. कुणाची सून, कुणाची बदली, कुणाच्या गुडघ्याला कुठलं तेल. बाबा गिरणी बंद पडल्यापासून लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत लिफ्टमन होते. ते घरी यायचे तेव्हा या बायका अजून बसलेल्याच असायच्या, त्यामुळे बाबांना स्वतःच्या घरात शिरायला गॅलरीत ताटकळावं लागायचं. ‘दिवसभर लोकांसाठी दार उघडतो आणि माझ्यासाठी कोण उघडत नाय,’ असं ते मोठ्याने म्हणायचे आणि बायका हसायच्या. हल्ली आई चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर राहते. तिथे सुकी मासळी बाल्कनीत वाळत घालायची नाही असा सोसायटीने ठराव केला आहे. ठराव करणाऱ्यांपैकी निम्मे लोक लहानपणी आमच्याकडूनच सुकट न्यायचे. मी एकदा कमिटीच्या मीटिंगमध्ये हे बोलले, तेव्हापासून मला मीटिंगची नोटीस येत नाही. असो.

एमएस्सीनंतर मी मुंबईतल्याच एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला लागले. काम काय, तर चिलटांच्या मेंदूत वास कसे ओळखले जातात ते शोधणं. चिलटं म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात तीच. आमच्या चाळीत ही बातमी पसरली तेव्हा शेजारच्या शेवंताकाकूने आईला सरळ विचारलं, ‘इतका शिकान पोरगी चिलटां पाळता?’ आईने संध्याकाळी तेच मला विचारलं. मी सांगायचा प्रयत्न केला आणि मला काही सांगता आलं नाही. इंग्रजीतून शिकलेली गोष्ट स्वतःच्या आईला सांगता येत नाही याचा मला इतका राग आला की मी त्या दिवशी जेवले नाही.

शेवटी बाबांना सांगता आलं. आम्ही गॅलरीत उभे होतो आणि समोरच्या चाळीत दिवे लागत होते. मी म्हटलं, ‘बाबा, चिलटाच्या मेंदूच्या दाराशी अशीच एक चाळ आहे समजा. पन्नासेक खोल्या. केळ्याचा वास आला की त्यातल्या पाच-सात खोल्यांत दिवे लागतात. आंब्याचा आला की दुसऱ्या पाच-सात, पण दोन-तीन त्याच. कुठल्या कुठल्या खोल्या उजळल्यात त्यावरून वास कुठला ते ठरतं.’

बाबांनी समोर बघत विचारलं, ‘आणि दोन वास साधारण सारखेच असले तर? सगळ्या त्याच खोल्या पेटतील.’

माझे बाबा नववी पास. माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, ‘म्हणूनच मागे एक मैदान आहे. तिथे दोन हजार माणसं उभी. प्रत्येक जण फक्त आपल्या पाच-सहा खोल्यांवर नजर ठेवून असतो, आणि कुणाच्या वाट्याला कुठल्या खोल्या हे कसंही वाटलेलं. त्याच्या खोल्यांपैकी बऱ्याचशा एकदम उजळल्या तरच तो हात वर करतो. शिवाय एक मोठा जमादार फिरत असतो, तो सगळ्यांना दाबून ठेवतो. त्यामुळे शंभरात चार-पाचच हात वर होतात. मग दोन वास चाळीत सारखे दिसले तरी मैदानात हात वेगवेगळ्या माणसांचे वर होतात.’

‘जमादार नसला तर?’

‘तर खूप हात वर होतील. दोन्ही वासांना तेच तेच.’

‘गिरणीच्या गेटमीटिंगला व्हायचं तसं,’ बाबा म्हणाले. ‘सगळ्यांचे हात वर, आणि ठराव कुठला चाललाय ते कोणाला म्हायत नाय.’

माझं काम तेच होतं. तो जमादार, म्हणजे इतर पेशींना दाबून ठेवणारी ती एक भलीमोठी पेशी, काही चिलटांमध्ये बंद करायची आणि त्यांना जवळजवळ सारखे दोन वास वेगळे ओळखता येतात का ते बघायचं. त्यासाठी चिलटांची शिकवणी घ्यावी लागे. अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, कारण लाल उजेड चिलटांना दिसत नाही. एका नळीत चिलटं भरायची, पहिला वास सोडायचा आणि त्याबरोबर विजेचे बारीक झटके द्यायचे. मग दुसरा वास, झटक्यांशिवाय. नंतर त्यांना एका तिठ्यावर आणून सोडायचं. डावीकडून एक वास, उजवीकडून दुसरा. शिकलेली चिलटं झटकेवाला वास टाळून दुसरीकडे पळतात. मग दोन्हीकडची मोजायची. एवढंच. एवढ्याशा कामावर माझी पीएच.डी. उभी होती, आणि पीएच.डी.वर पुढचं सगळं.

हे उपकरण मी आणि माझ्यापेक्षा दोन वर्षांनी पुढे असलेल्या कौस्तुभने मिळून जोडलं. डावीकडे एक पंप, उजवीकडे एक. हवा आधी कोळशाच्या नळीतून गाळून यायची, पंपात जायची, मग वासांच्या बाटल्यांवरून वाहत तिठ्यावर. पंपाच्या तोंडाशी स्पंजचा तुकडा बसवला होता. गणपतीनंतर आम्ही त्याची चाचणी घेतली. कुठलाच वास न घालता दोन्हीकडून नुसती हवा सोडली. चिलटं निम्मी इकडे, निम्मी तिकडे. म्हणजे उपकरण सरळ होतं. सरांनी माझी पाठ थोपटली.

आमचे सर स्वभावाने चांगले होते. हे मला मुद्दाम सांगावं लागतंय, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटणार नाही. आवाज कधी चढायचा नाही, विद्यार्थ्यांची फी अडली तर स्वतः धावपळ करायचे, आणि सणवार मनापासून करायचे. खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असायची. सूक्ष्मदर्शक, फ्रीज, वजनाचा काटा, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाबांच्या गिरणीत मागांची पूजा व्हायची, गिरणी गेल्यावर ते लिफ्टच्या बटणांना कुंकू लावायचे. त्या वर्षी नवीन यंत्र म्हणून माझ्या उपकरणाला मान. सर घरून आपल्या आईची वाळ्याच्या अत्तराची कुपी घेऊन आले होते. त्यांनी आधी आम्हा सगळ्यांच्या मनगटाला अत्तर लावलं, मग कापसाचा एक फाया अत्तरात बुडवला आणि म्हणाले, ‘यजमानाच्या कानात हवाच.’ आम्ही हसलो. त्यांनी फाया यंत्राला कुठेतरी खोचला. पेढे वाटले. नंतर मी हळदकुंकू ओल्या फडक्याने पुसून काढलं, झेंडू काढले, आणि दिवाळीनंतर कामाला लागले.

आणि चिलटं शिकेनात.

जमादार बंद केलेली चिलटं शिकली नसती तर मी नाचले असते, माझं म्हणणंच ते होतं. पण साधी, धडधाकट, कुठलाही फेरफार न केलेली चिलटंसुद्धा शिकेनात. एक दिवस उत्तम, दुसऱ्या दिवशी उलटं. झटक्याचा वास डावीकडे ठेवला की वाटायचं, वा, काय हुशार पोरं! तोच वास उजवीकडे ठेवला की सगळी ढ. मी अन्न बदललं, चिलटांचं वय बदललं, झटके कमीजास्त केले, नवीन बाटल्या आणल्या. सकाळी बघितलं, दुपारी बघितलं. त्या लाल खोलीत बसून चिलटं मोजताना माझे डोळे चुरचुरायचे आणि बाहेर आलं की सगळं जग हिरवट दिसायचं. शैक्षणिक वर्षाच्या अखेरीला समितीपुढे उभं राहायचं होतं, आणि साध्या चिलटांची शिकवणीसुद्धा जमत नसेल तर हा विषय माझ्याकडून काढून घेतील हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

अशातच एक दिवस सर लाल खोलीत आले. माझ्या मागे उभे राहिले. मग म्हणाले, ‘शुभांगी, रागावणार नसशील तर एक विचारू? तुझ्या कपड्यांना एक वास येतो गं. ड्राय फिश का?’

मी म्हटलं, ‘आई विकते, सर.’

‘हं. तरीच. वाईट वाटून घेऊ नकोस, पण आपलं कामच वासाचं आहे ना. इथे एवढंसं काही चालत नाही. घरी जरा बघ काही करता येतं का.’

इतकं हळू आवाजात, इतक्या मायेने. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला उलट बोलता येतं. मी ‘हो सर’ म्हटलं. त्यांच्या घरी मासे शिजत नसत हा काही गुन्हा नाही. पण त्यांनी वास घेतला आणि कारण सापडल्यासारखी मान हलवली, आणि त्या क्षणापासून प्रयोगशाळेत सगळ्यांनाच ते कारण सापडलं. जेवायला बसताना माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली.

घरी गेल्यावर आईने विचारलं, ‘काय झाला गो? तोंड कित्याक पाडलंस?’

मी सांगितलं. सरांनी जे सांगितलं तेवढंच सांगितलं, आणि म्हटलं की कामाचे कपडे मी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवीन, तिथे जाऊन बदलीन. आई पिशव्या बंद करत होती. तिने हातातली पिशवी पुरी केली, मेणबत्ती फुंकली.

‘सरांका आमच्या घराचो वास येता?’

‘आये, तसं नाही गं. चिलटांना येतो म्हणतात.’

‘चिलटांका सुकटीचो वास येता, आणि ता सरांका समाजला,’ ती म्हणाली. ‘बरा.’

दुसऱ्या दिवशी मी आले तर माळा रिकामा. डबे शेवंताकाकूकडे गेले होते. मी भांडले. बाबा माझ्यापेक्षा जास्त भांडले. आईने दोघांनाही एकच विचारलं, ‘तिचा शिक्षाण मोठा काय माझी सुकट?’ तिने माळा खळखळून धुतला, भिंतींना चुना काढला, माझे सगळे कपडे धुण्याच्या सोड्यात उकळले. घरात ओली मासळीसुद्धा येईना. बाबा ताटावर बसून डाळीकडे असं बघायचे, जणू डाळीनेच काहीतरी चूक केली आहे. गिऱ्हाइकं पहिले काही दिवस आमच्या दाराशी यायची, आई त्यांना शेजारचं दार दाखवायची. मग ती थेट शेजारीच जायला लागली. अर्धा अर्धा तास तिथेच बसायची. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकू यायचं आणि आई आमच्याकडे टीव्हीचा आवाज वाढवायची.

आणि एवढं करून चिलटं शिकत नव्हतीच. मी बिनवासाचा साबण वापरत होते, केसांना तेल लावत नव्हते, संस्थेत जाऊन कपडे बदलत होते. निकाल तेच. डावीकडे हुशार, उजवीकडे ढ. मला वाटायला लागलं की उपकरणच कुठेतरी चुकतंय. मी सरांना म्हटलं, ‘नुसत्या हवेची चाचणी परत घेऊया का?’

‘ती आपण केली होती ना? सेटअपच्या वेळी. उत्तम आली होती. आता मागे काय जातेस?’ सर म्हणाले. ‘वेळ कमी आहे, शुभांगी. पुढचा विचार कर.’ आणि मग, जाता जाता, नाक किंचित वर करून म्हणाले, ‘अजून थोडा येतो, नाही? कमी झालाय पण.’

माझ्या घरात कित्येक महिन्यांत सुकटीची काडी आली नव्हती. अंगावरचे कपडे त्या आठवड्यात विकत घेतलेले होते. आणि ह्या माणसाला माझ्याकडे बघून अजून वास येत होता! आमच्या नळीतल्या चिलटाला एका वासाबरोबर झटका बसला की तो वास त्याच्या डोक्यात पक्का होतो, पण निदान वास असावा लागतो. सरांना तेवढीही गरज नव्हती. आज इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा मी पेन आपटतेय, आणि माझी मुलगी मला विचारतेय की रक्तदाबाची गोळी घेतलीस का.

मी कौस्तुभला गाठलं. ‘आज नुसत्या हवेची टेस्ट करतेय. तू मोज.’

‘सरांना न विचारता? अगं ए, मला मरवशील तू.’

‘मर मग. पण मोजून मर.’

कुठलाही वास नाही. बाटल्या काढून टाकल्या, नळ्या सरळ तिठ्याला जोडल्या. डावीकडून हवा, उजवीकडून हवा. चिलटं निम्मी निम्मी व्हायला हवीत. कौस्तुभने नळ्या उजेडात धरल्या आणि नुसताच ‘आयला’ म्हणाला. डावीकडे काही चुकार चिलटं, बाकी सगळी झुंड उजवीकडे. परत केलं. तेच. तिसऱ्यांदा करायच्या आधी मी दिवा लावला, डावीकडच्या पंपाच्या तोंडाचा स्पंज चिमटीत धरून ओढला, आणि त्याच्या मागून एक छोटा, धुळीने काळा पडलेला कापसाचा बोळा टेबलावर पडला.

मी तो नाकाशी नेला. वाळा.

महिनोन् महिने डावीकडून येणाऱ्या हवेत वाळ्याचं अत्तर होतं. किडामुंगी लागू नये म्हणून बायका ज्या वाळ्याच्या जुड्या कपड्यांत ठेवतात तोच. चिलटं त्यापासून पळत होती, झटक्याचा वास डावीकडे असो की उजवीकडे. वासांवर संशोधन करणारी आम्ही एवढी माणसं रोज त्या खोलीत येत-जात होतो आणि कुणाच्या नाकाला ते खटकलं नाही. कारण वाळा कुणाला वास वाटतच नव्हता. वाळा म्हणजे स्वच्छता, वाळा म्हणजे उन्हाळ्यातलं माठातलं पाणी, सरांची आई, चांगलं घर. वास तो फक्त सुकटीला. मी खुर्चीवर बसले आणि मला रडू आलं. कौस्तुभ म्हणाला, ‘अगं, सापडलं ना? मग रडतेस काय?’ त्याला काय सांगायचं? मला चिलटांबद्दल रडू येत नव्हतं.

सरांना फाया दाखवला तेव्हा ते हसले. मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ‘अरे, हा तर माझाच फाया!’ त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. ताबडतोब सगळ्या नळ्या बदलायला नवीन मागवल्या, समितीला स्वतः फोन करून मला मुदतवाढ मिळवून दिली. संस्थेत कुणी पाहुणे आले की ही गोष्ट ते रंगवून सांगायला लागले. गोष्टीत खंडेनवमी होती, फाया होता, यजमानाचा कान होता, हुशार विद्यार्थिनीही होती. सुकट नव्हती. मी वाट बघितली. प्रत्येक वेळी वाटायचं की आता येईल. कधीच आली नाही.

नव्या नळ्यांवर चिलटं पहिल्या दिवसापासून शिकली. जमादार बंद केलेल्यांना सारखे वास वेगळे ओळखता येईनात, साध्यांना येत होते. मला हवं ते सगळं मिळालं. पण माझं समाधान होईना. मग मी एक प्रयोग केला, जो पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता. शेवंताकाकूकडे गेले आणि सुकट मागितली.

‘तुमच्याकडे बंद केलास ना?’ ती म्हणाली.

‘खायला नाही, प्रयोगाला पाहिजे.’

‘प्रयोगाक?’ तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पिशवी काढून दिली. आईच्या डब्यातली, मामाने पाठवलेली सुकट मी विकत घेऊन आले. माझा एक ड्रेस तिच्याबरोबर डब्यात कोंबून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तोच घालून संस्थेत गेले. बसमध्ये माझ्याभोवती आपोआप मोकळी जागा झाली. हाताला सुकट चोळून मी लाल खोलीत बसले आणि चिलटांच्या तुकड्यांमागून तुकड्या शिकवल्या. मोजायला कौस्तुभला बाहेरच्या खोलीत बसवलं, कुठली तुकडी कधीची हे त्याला न सांगता. आठवडाभर हेच, एक दिवस सुकट, एक दिवस धुतलेले कपडे. फरक शून्य. असणार कसा? हवा बंद नळ्यांतून जाते, माझ्या ओढणीवरून नाही. सुकटीच्या दिवशी चिलटं तितकीच छान शिकली.

शुक्रवारच्या बैठकीत मी सगळे निकाल दाखवले. शेवटच्या आलेखात दोन उभे खांब, अगदी एका उंचीचे. एकाखाली लिहिलं होतं ‘धुतलेले कपडे’, दुसऱ्याखाली ‘सुकट’.

सरांनी चष्मा वर केला. ‘हे काय? सुकट कुठून आली मध्येच?’

‘तुमच्याकडून, सर,’ मी म्हटलं.

कौस्तुभ आपल्या चपला बघत होता. सर माझ्याकडे बघत राहिले, आणि मी शपथेवर सांगते, ते खरंच आठवत होते. आठवायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला.

‘अगं, ते होय! ते मी सहज म्हटलं होतं,’ ते म्हणाले. ‘तू एवढं मनावर घेतलंस?’

पुढची स्लाइड नव्हती. मी दिवा लावून खाली बसले.

घरी आले तेव्हा आई खिडकीशी बसली होती. त्या वेळेला तिचे हात रिकामे असायची सवय मला कधीच झाली नाही. मी तिला सगळं सांगितलं. फाया, वाळा, दोन सारखे खांब. सुकटीने काही बिघडलं नव्हतं, कधीच नव्हतं.

‘मगे सर काय म्हणाले?’

‘सहज म्हटलं होतं म्हणाले.’

भिंतीपलीकडे शेवंताकाकूकडे बायका कशावर तरी जोरजोरात हसत होत्या. आईने टीव्हीचा रिमोट उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला.

‘सहज,’ ती म्हणाली. ‘बरोबर. माझी गिरायकां पण सहजच गेली.’